तयार पायऱ्या

१

उंच माणसांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते मी बर्फात बनवलेलं आहे.

बर्फाच्या चढावर पुढचा माणूस बुटाच्या टोकाने लाथा मारत पायरी पाडतो आणि मागच्याने त्याच पायरीत पाय ठेवायचा, असा रिवाज. पायरी कुणी पाडली हे विचारायचं नाही, तयार दिसली की वापरायची, आणि मोडायची नाही. रिवाज चांगला आहे. पण पुढे सव्वासहा फुटी बाप्या असला की पायऱ्या त्याच्याच टांगांच्या मापाने पडतात. मी पाच फुटांना दोन बोटं कमी. दर पायरीला गुडघा हनुवटीला लावत मी चाळीस वर्षं हा डोंगर चढले आणि दर पायरीला पुढच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एकाच माणसाच्या मागून चढताना माझे गुडघे कधी दुखले नाहीत. माझी धाकटी बहीण हुइया. तीही माझ्याएवढीच बुटकी. एकेका पायरीला ती तीन लाथा मारायची, पहिली हलकी, पुढच्या दोन जोरात, मग जरा थांबायची. डोळे मिटूनही कळायचं की पुढे हुइया आहे.

मी दुधाचा टँकर चालवते. जुलै म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा, तेव्हा गाई आटलेल्या असतात, टँकर यार्डात उभे असतात, आणि आमचा सगळा दूधवाला तारानाकी जिल्हा रिकाम्या हातांनी डोंगराकडे बघत बसतो. म्हणून आम्ही हिवाळ्यात चढतो. ज्यांना अक्कल आहे ते उन्हाळ्यात चढतात. गेल्या जुलैत हुइया नवऱ्याबरोबर, डूगलबरोबर, वर गेली आणि डूगल एकटा खाली आला.

ती घसरली, म्हणाला. पूर्वेच्या घळीत गेली. अकरा दिवस लोक दोरांवर लटकून ती घळ धुंडाळत होते. तिची एक चिंधीही सापडली नाही.

२

आमच्यात माणूस गेलं की त्याला मराएवर आणतात, कुळाच्या मोठ्या घरात. तीन दिवस ते उघड्या पेटीत मधोमध असतं आणि आम्ही शेजारी गाद्या टाकून त्याच्याशी बोलतो, रडतो, जुनी भांडणं उकरून काढतो. हुइयाच्या वेळी आम्ही तीन दिवस एका फोटोपाशी बसलो. फोटोशी भांडता येत नाही. मी प्रयत्न केला.

वर्ष झालं की थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं. तो शनिवार आठ दिवसांवर आला आणि पापाने, आमच्या एक्याऐंशी वर्षांच्या बापाने, नाही म्हणून सांगितलं.

"खाली कुणी नाही त्या दगडाचं कापड मी काढणार नाही," तो म्हणाला. "माझी पोर तिथं वर उघड्यावर, आणि मी इथं लोकांना केक वाटू?"

या माणसाने जन्मभर डोंगराला आजोबा म्हटलेलं. रोज उठून आधी त्याला रामराम, मग चहा. त्याने आता खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली होती. मी त्याच्या पाठीकडे बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गाडी काढून डूगलच्या घरी गेले.

डूगल स्वयंपाकघरात टोस्टकडे बघत उभा होता. त्याची आई टेबलापाशी बटाटे सोलत होती. इशबेल तिचं नाव, पण सगळं गाव तिला नॅन म्हणतं. सून गेल्यापासून ती लेकाकडेच राहायला आली होती.

"डूगल, मला ती जागा दाखव."

"शंभर वेळा सांगितलंय, नायरी. पूर्वेची घळ."

"सांगितलंस. दाखवली नाहीस. नकाशावर बोट तर माझी मांजरपण ठेवील."

"मी परत वर जाणार नाही."

"जाशील. नाहीतर शनिवारी सगळ्या कुळासमोर तुला त्या दगडाशेजारी उभा करीन आणि हेच विचारीन."

नॅनने बटाटा पाण्यात टाकला. "जा रे," ती म्हणाली. "दाखव तिला. त्या घरच्यांना निदान जागा तरी कळू दे. एवढा धडधाकट आहेस, एका दिवसाने झिजणार नाहीस."

डूगलने आईकडे असं बघितलं की जणू तिनेच त्याला बाहेर काढलंय. मग म्हणाला, गुरुवारी हवा बरी आहे.

३

गुरुवारी उजाडता उजाडता आम्ही जंगलात शिरलो. आमच्या डोंगराभोवतीचं जंगल गोल आहे, ताटाच्या काठासारखं. अलीकडच्या पावलाला गाईचं कुरण, पलीकडच्या पावलाला शेवाळाने लगडलेली वाकडी झाडं. गाडी लावायच्या जागेवर आमच्याशिवाय दुसरी गाडी नव्हती. वाटेवरच्या गिर्यारोहण क्लबच्या लाकडी घरातल्या वहीत आमच्या आधीचं नाव रविवारचं होतं. हे मी मुद्दाम बघितलं असं नाही. वहीत नाव लिहिताना वरचं नाव वाचलंच जातं.

रात्रभर बर्फ पडून पहाटे थांबला होता. झाडं संपली, झुडपं संपली, आणि वर सगळं पांढरं, कोरं. आम्ही बुटांना लोखंडी काटे बांधले, हातात कुऱ्हाडी घेतल्या. दोर पिशवीतच ठेवला. या डोंगरावर जाणती माणसं एकमेकांना बांधून घेत नाहीत. बर्फ टणक असतो, एक घसरला की बांधलेला दुसराही जातो.

डूगल पुढे. त्याच्या पायऱ्या मला नेहमीसारख्या छातीशी येत होत्या.

"जरा जवळ पाड की. मी काय शिडी घेऊन आलेय?"

"मी आपला चढतोय, नायरी."

"तेच तर तुझं दुखणं आहे. तू आपला चढतोस."

तासभर असं चाललं. मी मागून बोलत होते, तो ऐकत होता. वर ढग उतरायला लागला होता, हवा बरी आहे म्हणणाऱ्याच्या नावाने मी तेही खपवलं. मग डूगल थांबला.

"पुढे कुणीतरी गेलंय," तो म्हणाला.

समोर पायऱ्या होत्या. स्वच्छ, नव्या, रात्रीच्या बर्फात पाडलेल्या. एकावर एक, सरळ वर, ढगात गेलेल्या. डूगलने पहिल्या पायरीत बूट घातला, मग दुसरीत, आणि अडखळला. दोन पायऱ्यांतलं अंतर त्याला वीतभर कमी पडत होतं.

"कोण बुटकं गेलंय हे?" तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याचं तोंड उतरलं.

मी त्याला बाजूला सारून पायरीत पाय ठेवला. बरोबर बसला. दुसरा ठेवला. तोही. कंबर न वाकवता, गुडघा न ताणता मी दहा पायऱ्या चढले, घरातल्या सपाता घालाव्यात तशी. चाळीस वर्षांत असं फक्त एकाच बाईच्या मागे झालेलं.

डोकं ठिकाणावर ठेवायचा मी प्रयत्न केला. दुसऱ्या वाटेने कुणी आलं असेल. एखादी शाळकरी मुलगी बापाबरोबर. पण पायऱ्या खालपासून नव्हत्या. त्या उताराच्या मधूनच सुरू झाल्या होत्या. खाली डावी-उजवीकडे कोरा बर्फ, कुणी आडवं आल्याची खूण नाही. वाऱ्याने खालच्या बुजवल्या असतील, मी स्वतःला सांगितलं. वारा नव्हता.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि डूगलला सांगितली नाही. बुटाच्या काट्यांनी पायरीच्या आतल्या भिंतीवर दोन भोकं पडतात. या पायऱ्यांना भोकं नव्हती. आतून त्या गुळगुळीत होत्या.

४

"परत फिरू," डूगल म्हणाला.

"का?"

"ढग आलाय."

"ढग तुझ्या लग्नातही आला होता. तेव्हा फिरला नाहीस."

आता मी पुढे होते. मागे तो दोन दोन पायऱ्या एकदम घ्यायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं, धापा टाकत होता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. आयुष्यात एकदा तरी उंच माणसाला बुटक्याच्या पायऱ्यांनी चढावं लागलं.

पूर्वेच्या घळीकडे जायचं तर या उंचीवर उजवीकडे वळावं लागतं. पायऱ्या वळल्या नाहीत. त्या सरळ माथ्याखालच्या विवराकडे चालल्या होत्या.

"जागा उजवीकडे आहे," डूगल म्हणाला.

मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. चष्म्यावर बर्फ बसलेला, ओठ पांढरे. त्याचं तोंड उजवीकडे नव्हतं. तो माझ्या खांद्यावरून वर बघत होता, पायऱ्या जिकडे जात होत्या तिकडे.

तेव्हा मी आवाज ऐकला.

एक हलका ठोका. मग दोन जोराचे. मग थोडी शांतता. पुन्हा एक हलका, दोन जोराचे.

बर्फ असा आवाज करतो, मी म्हटलं. खडकांवर गोठलेले पापुद्रे ऊन लागलं की सुटून पडतात. ऊन नव्हतं. आमच्याच बुटांचा आवाज ढगातून परत येत असेल. आम्ही उभे होतो. मी श्वास धरला. एक हलका, दोन जोराचे. फार लांब नाही, तीस-चाळीस पायऱ्या वर असेल, पण ढगात काही दिसत नव्हतं.

"तुला ऐकू येतंय," मी म्हटलं.

"नाही."

"मग रडतोस कशाला?"

तो खरंच रडत होता, आवाज न करता. मी चढायला लागले. आम्ही चाललो की वरचे ठोके चालायचे, आम्ही थांबलो की चार ठोके जास्त होऊन थांबायचे, वाट बघितल्यासारखे. मी भ्याले नाही. मला वाटलं असेल तर एवढंच की ही बया मेल्यावरसुद्धा माझ्यासाठी पायऱ्या पाडतेय, आणि तिला या गाढवाच्या हवाली आम्ही केलं होतं. मी मनात म्हटलं, हुइया, तू फक्त घेऊन चल.

५

विवर म्हणजे माथ्याखालची एक मोठी वाटी. बारा महिने तिच्यात बर्फ असतो. तिच्या कडेवरून आणखी थोडं चढलं की अगदी वरचं टोक. तिथे आम्ही पाय ठेवत नाही. ते आजोबांचं डोकं आहे, आणि डोक्यावर पाय द्यायला आपण काय जनावर आहोत का.

वाटीच्या तोंडाशी मी पिशवीतून दोर काढला. एक टोक माझ्या कंबरेला बांधलं, दुसरं त्याच्यापुढे टाकलं.

"इथे बांधत नाहीत," डूगल म्हणाला.

"मी बांधते. तू पळशील."

"घसरलो तर दोघं जाऊ."

"जाऊ की. गेल्या वेळी एकजण गेलं, तुला चाललं ना?"

रागाने माणूस डोंगर चढू शकतो, पण रागाने बांधलेली गाठ वाईट. हे मला माहीत होतं. तरी बांधली. त्याने मुकाट्याने आपल्या पट्ट्यात दोर अडकवला.

पायऱ्या वाटीच्या डाव्या भिंतीने गेल्या, सावलीच्या बाजूने, आणि एका पुढे आलेल्या खडकाच्या मागे वळल्या. तिथे एक कप्पा होता. दोन माणसं पाठ टेकून बसतील एवढा, खालचा भाग निळ्या टणक बर्फाचा, वर नव्या बर्फाची पातळ साय. उन्हाळ्यात शेकडो माणसं या वाटीतून जातात, पन्नास पावलांवर बसून सँडविच खातात, फोटो काढतात. त्या खडकामागे डोकवायचं कुणाला काही कारण नाही. शोधायचं असतं तर डोकावले असते. पण शोधायचं होतं पूर्वेच्या घळीत.

मी कप्प्यात उभी राहिले. डूगल बाहेरच थांबला, दोर ताणून.

"आत ये."

"नको."

"ही जागा तुला माहीत आहे."

वरचे ठोके थांबले होते. एवढी शांतता झाली की दोरावरचा बर्फ करकरलेला ऐकू आला.

६

तो आत आला नाही. बाहेर उभ्या उभ्याच बोलला, बुटांकडे बघत.

"तिचा घोटा मोडला होता. चालता येत नव्हतं. मी तिला इथे बसवलं, माझी पिशवी तिच्या पाठीशी दिली. म्हटलं, मी लोकांना घेऊन येतो."

"जिवंत होती."

"हो."

"बोलत होती?"

"हसत होती. म्हणाली, जा, मी कुठे जाणारेय."

माझ्या हाताला धरायला काही नव्हतं म्हणून मी खडक धरला. "मग?"

"खाली क्लबच्या घरात पोचलो. फोन ओला झालेला, लागेना. पाय सुन्न. म्हटलं, तासभर आडवा होतो, मग रस्त्यापर्यंत जातो." त्याने नाक पुसलं. "उठलो तर दुसऱ्या दिवशीची दुपार. बाहेर वादळ. मी काय सांगणार होतो, नायरी? झोपलो होतो म्हणून?"

"म्हणून घसरली म्हणालास."

"ती तोवर गेलीच असेल असं वाटलं. घसरली म्हटल्यावर कुठे ते सांगावं लागलं. सगळ्यात खोल घळ तीच."

अकरा दिवस. पापा त्या अकरा दिवसांत गाडी लावायच्या जागेवर घोंगडी पांघरून बसायचा. शोधून दमलेल्या पोरांना मी सूप वाटलं होतं. हा माणूस रांगेत माझ्या हातचं सूप प्यायला होता. आणि ती इथे, नीट बसून, वाट बघत. पहिला दिवस तरी नक्कीच. दुसरा असेल. मी पुढे मोजलं नाही.

मी त्याला मारलं असतं. कुऱ्हाड हातात होती. खरं सांगते, मी हातातल्या कुऱ्हाडीकडे बघितलं.

तेवढ्यात ठोके पुन्हा सुरू झाले. कप्प्याच्या पलीकडच्या बाजूने, वर. एक हलका, दोन जोराचे.

तिकडे पायऱ्या होत्या. कप्प्यापासून सुरू होऊन पश्चिमेच्या कडेकडे वर गेलेल्या. मी पहिलीवर पाय ठेवायला गेले, तो पोचेना. अंतर जास्त होतं. दुसरी तर माझ्या छातीच्या वर. मी डूगलकडे वळले आणि मला दिसलं की त्यालाही कळलंय. या त्याच्या मापाच्या होत्या.

"मी तिला म्हटलं होतं परत येतो," तो म्हणाला. "ती वाट बघतेय. सोड मला, नायरी."

"जा की मग."

"दोर सोड. तुझ्याकडची गाठ गोठलीय का बघ. माझे हात चालत नाहीत."

चांगली बाई असती तर त्याला धरून ठेवलं असतं. थंडीने डोकं फिरलंय म्हणून कानफटात मारून खाली आणलं असतं. मला तेव्हा वाटलं, हुइयाला हा हवाय. तिने मला इथवर आणलं, खरं ऐकवलं, आता याला नेतेय. नेऊ दे. मी हातमोजा दातांनी काढला, गाठीत कुऱ्हाडीचं टोक घातलं आणि गाठ सोडली. दोर त्याच्या मागे घसरत गेला.

तो भराभर चढला. पायऱ्या त्याला छान बसत होत्या.

७

मी मटकन खाली बसले. बसताना कुऱ्हाडीचं टोक खालच्या बर्फात रुतलं आणि काढताना तुकडा निघाला. त्याला निळा धागा होता.

मी हातांनी वरची साय बाजूला केली. बर्फ काचेसारखा होता. वीतभर खाली एक हातमोजा होता, निळा, अंगठ्याला लाल दोऱ्याने शिवलेला. तो मी शिवला होता. मोज्याच्या पुढे बाही. बाहीच्या पुढे मी अजून थोडं पुसलं आणि मग थांबले, कारण आता पुसायची गरज नव्हती. ती बसलेली होती. पाठ खडकाला, पाय सरळ, एका पायाला पट्टी. मी इतका वेळ तिच्या मांडीवर उभी राहून भांडत होते.

हुइया इथे होती. वर्षभर इथेच होती.

वर ठोके चालू होते.

मी मान वर केली. ढग जरा विरला होता, फक्त तेवढ्याच पट्ट्यात. डूगल कडेजवळ पोचलेला. त्याच्या पुढे दहा-बारा पायऱ्यांवर एक पाय दिसला. फक्त पाय, वरचं सगळं ढगात. तो हळूच उचलला गेला, हलकेच एकदा टेकला, मग दोनदा जोरात. मी बघितलं ते गुडघ्याकडे. गुडघा जिथे असायला हवा तिथे नव्हता. तो फार वर होता. डूगलच्या डोक्याच्याही वर कुठेतरी तो पाय ढगात शिरत होता आणि तरीसुद्धा पाऊल जपून, आखूड पडत होतं. मागच्याला झेपेल एवढंच अंतर मोजून.

"डूगल, ती इथे आहे. डूगल, परत ये. हुइया इथे आहे."

त्याला ऐकू गेलं. तो वळला, माझ्याकडे बघून हात वर केला, आलोच म्हणतात तसा. मग पुढची पायरी घेतली. ढग मिटला.

ठोके थोडा वेळ ऐकू येत होते. कडेपलीकडे जमीन नाही, सरळ कडा आहे. ते तिकडेही चालूच राहिले, खाली खाली जात. आणि मग थांबले.

हे आजोबांचं काम नाही. आमच्या आजोबांनी कधी कुणाला गोड बोलून नेलेलं नाही. ते कोण होतं मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांना मी घरात घेत नाही.

८

खाली मी डोळे मिटून आले म्हणायला हरकत नाही. त्या पायऱ्यांत पाय घातला नाही, शेजारून स्वतःच्या पाडत आले, नखं फुटेस्तोवर. पोलिसांना हुइयाची जागा बरोबर सांगितली. डूगल पश्चिमेच्या कडेवरून गेला हेही बरोबर सांगितलं. दोराचं कुणी विचारलं नाही. मी बोलले नाही.

शनिवारी दगडाचं कापड काढायचं होतं, त्याऐवजी हुइया घरी आली. मराएवर पेटी ठेवली तेव्हा पापा चालत आला, कुणाचा हात न धरता, आणि तिच्या गालाला गाल लावून बसला. पहिल्यांदा वर्षभरात मला कुणाचा राग आला नाही. तो आराम दुपारपर्यंत टिकला.

दुपारपासून एकेक बाई येऊन मला मिठी मारायला लागली. "हुइयाने बोलावून नेलं गं तुला," म्हणायच्या. "तिनेच वाट दाखवली." मी मान हलवायची आणि दात आवळायची. हुइया जागची हलली नव्हती. तिला बस म्हटलं होतं, ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी नॅन आली. काळा कोट, हातात मांसाच्या पाईचं झाकलेलं ताट. आधी पेटीपाशी गेली, सुनेच्या कपाळावरून हात फिरवला, बराच वेळ काहीतरी पुटपुटली. मग येऊन माझ्या गादीवर बसली. तिच्या लेकाचा अजून पत्ता नव्हता.

"तुमच्यात दोर होता, नायरी?"

"होता, नॅन."

"मग?"

"मी सोडला."

तिने मांडीवरचा कोट नीट केला. "तो पडल्यावर?"

"नाही. आधी. त्याने सांगितलं की ती जिवंत होती आणि तो झोपला. मला राग आला. त्याने सोड म्हटलं आणि मी सोडला."

मला वाटलं ती उठेल. थुंकेल. मला ते हवं होतं. ती उठली नाही. पेटीकडे बघत म्हणाली, "मलाही आला असता राग. मीच पाठवला त्याला. पण तो माझा आहे गं. कसाही असला तरी माझा आहे. मला ती जागा दाखव."

"नॅन, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहात."

"तू त्याला वर्षभर जागा दाखव म्हणत होतीस. मी म्हटलं तर का नको?"

"तुम्हाला चढणं झेपणार नाही."

"झेपेल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. "काल शोधायला गेलेली पोरं आली होती घरी. म्हणाली, उतारावर कुणीतरी नव्या पायऱ्या पाडून ठेवल्यात. इतक्या ठेंगण्या, इतक्या जवळ जवळ, की माझ्यासारखी म्हातारीपण आरामात जाईल. मीच जाईन म्हणते, उद्या सकाळी. तू आली नाहीस तरी चालेल."

मी तिचं मनगट धरलं. हाडाला कातडी, दुसरं काही नाही.

"दुखतंय, नायरी. सोड."

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. पापाने पेटीवरून मान वर केली. नॅन हात ओढत होती, आधी हळू, मग सगळा जीव लावून, आणि मला शिव्या देत होती, खुनशी म्हणत होती, माझा लेक घेतलास म्हणत होती. ते सगळं खरं होतं. मी दुसरा हातही लावला आणि धरून ठेवलं.